कमी फीचे कॉलेज : उरलेली फी कोण भरतो?

उज्जैन शहराचे रेल्वेने सरळ दोन भाग केले आहेत. रुळांच्या एका अंगाला महाकाळ, क्षिप्रेचे घाट आणि बायजाबाई शिंद्यांनी बांधलेले गोपाळ मंदिर असे जुने उज्जैन; दुसऱ्या अंगाला फ्रीगंज. या फ्रीगंजच्या मध्यावर घड्याळाचा मनोरा आहे, म्हणून तो टावर चौक. संध्याकाळी चाटच्या गाड्या लागतात, बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ दोन-चार पेन्शनर टेकलेले असतात, आणि मान वर केली की जाहिरातींचे फलक दिसतात. एका लग्नाच्या निमित्ताने मी तेथे गेलो तो जून महिना होता. साड्यांचे आणि दागिन्यांचे फलक त्या महिन्यात मागे पडतात. पुढे येतात ते कॉलेजांचे. बी.कॉम., बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एड. प्रत्येकाखाली हसऱ्या चेहऱ्याची तीच ती मुले आणि ठळक अक्षरांत ‘कम फीस’.

माझी मामेबहीण तिथलीच. उज्जैनची मराठी घरे फीला फीसच म्हणतात, आणि आम्ही बेळगावकर बोलता बोलता कानडी हेल काढतो म्हणून ती मंडळी आम्हाला हसतात, तेव्हा फिट्टंफाट. भाऊजींनी कचोरी हातात दिली आणि विषय काढला. “दादा, आपण हेडमास्तर. सांगा, पोरीला कुठं घालू? सरकारी कॉलेजात नंबर लागला तर फीस नाहीच्यासारखी, पण वर्गात गर्दी फार. इंदूरला ठेवायची तर कॉलेजपेक्षा खोलीचं भाडं जड. आणि हे एक प्रायव्हेट, घरापासून स्कूटीवर दहा मिनिटं, फीससुद्धा झेपेल अशी.” भाची शेजारी उभी होती. तिला काय वाटते हे आम्हा दोघांपैकी कोणी विचारले नाही, आणि तिने ते आपणहून सांगितले: तिला घराजवळचे कॉलेज हवे होते.

हा प्रश्न मला काही नवा नाही. दरवर्षी निकालानंतर आमच्या शाळेच्या कार्यालयात पालक येतात ते हाच प्रश्न घेऊन. फरक इतकाच की उज्जैनला पर्याय हिंदीत आणि इंग्रजीत असतात, आमच्याकडे कानडीत आणि इंग्रजीत. परंतु इतिहासाचा मास्तर असल्यामुळे मला उत्तराआधी एक उपप्रश्न सुचतो. कॉलेज चालवायला जो खर्च येतो तो येतोच. विद्यार्थी त्यातला थोडाच भाग देत असेल, तर बाकीचा कोण देतो?

माळव्यात याचे पहिले उत्तर होते संस्थानिक. उज्जैनचे माधव कॉलेज शिंद्यांच्या नावाने ओळखले गेले, इंदूरचे होळकर कॉलेज १८९१ साली निघाले. राजाच्या खजिन्यातून पैसा येई. श्योपूरला जन्मलेले मराठी घरातले गजानन माधव मुक्तिबोध याच होळकर कॉलेजातून १९३८ साली बी.ए. झाले आणि पुढे हिंदीतले थोर कवी ठरले. संस्थाने गेल्यावर राजाच्या जागी सरकार आले. १९५७ साली उज्जैनला विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. माधव कॉलेजचे प्राचार्य राहिलेले कवी शिवमंगलसिंह ‘सुमन’ पुढे त्याचे कुलगुरू झाले. राजा असो की सरकार, मुलाच्या बापाला पडणारा भार हलका होता, कारण बाकीचा भार रयतेच्या करातून जात होता.

तथापि ज्या मुलखात स्वतःचा राजा नव्हता आणि सरकार परके होते, तिथे निराळी वाट शोधावी लागली. कलकत्त्यात ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आपली मेट्रोपॉलिटन संस्था १८७२ साली कॉलेजच्या दर्जाला नेली. फी सरकारी प्रेसिडेन्सी कॉलेजच्या मानाने फारच कमी आणि शिकवणारे सगळे देशी. गोऱ्या प्राध्यापकाशिवाय कॉलेज चालूच शकत नाही, अशी समजूत असलेल्या काळातली ही गोष्ट आहे. १८८२ च्या हंटर कमिशननेही खासगी चालकांना उत्तेजन द्यावे असे म्हटले, आणि अनुदान घेणाऱ्या संस्थेने शेजारच्या सरकारी संस्थेइतकीच फी घेतली पाहिजे असे बंधन नसावे, अशी शिफारस केली. कमी फीचे खासगी कॉलेज ही कल्पना त्या वेळेपासून कागदोपत्री मान्य झालेली आहे. ती काल-परवाची नव्हे.

आपल्याकडे ती पुण्यात रुजली. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले; आगरकर, आपटे मागाहून आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत ही हकिकत आपण स्वार्थत्यागाचा धडा म्हणून शिकवतो, ते योग्यच आहे. पण कोणी ती जमाखर्चाच्या वहीसारखी वाचून पाहावी. इमारतींसाठी आणि निधीसाठी संस्थानिकांच्या व श्रीमंतांच्या देणग्या होत्या, हे खरे. रोजचे कॉलेज मात्र चालत होते ते आजीव सदस्यांच्या पगारावर, म्हणजे त्यांनी न घेतलेल्या पगारावर. वीस वर्षे संस्थेत राहण्याचे वचन आणि महिना पंच्याहत्तर रुपये. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या पगारावर इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे जे वाट्याला येईल ते शिकवले. सरकारी कॉलेजातला इंग्रज प्राध्यापक याच्या कितीतरी पट वेतन घेत असे. या दोन पगारांतला जो फरक, तोच विद्यार्थ्याची फीमाफी. मास्तर आपल्या खिशातून प्रत्येक मुलाची फी भरत होता, असा त्याचा सरळ अर्थ.

आणि यातूनच भांडण झाले, हे सहसा पुरते सांगितले जात नाही. टिळक-आगरकरांचा वाद म्हटला की आपल्याला सामाजिक सुधारणा आणि संमतिवय आठवते. सोसायटीच्या आत जो वाद पेटला तो मात्र पगाराचा होता. जेझुइट पाद्र्यांप्रमाणे सदस्याने आपला सगळा वेळ आणि सगळी मिळकत संस्थेला द्यावी, बाहेरचे काम करू नये, वेतनवाढ मागू नये, असा टिळकांचा आग्रह. आगरकर दम्याने खंगलेले, घरात मुलेबाळे. पुस्तके लिहून, वर्तमानपत्र चालवून चार पैसे जोडले तर त्यात पाप काय, असे त्यांच्या बाजूच्यांचे म्हणणे. पगारवाढीच्या ठरावावरून खडाजंगी झाली. इंदूरच्या होळकरांकडून आलेल्या एका रकमेवरून, ती व्यक्तींना मिळाली की संस्थेला, असा तंटा झाला. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा कडेलोट झाला आणि १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. आगरकर १८९२ मध्ये प्राचार्य झाले आणि १८९५ च्या जूनमध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले.

मला स्वतःला या वादात आगरकरांची बाजू अधिक माणुसकीची वाटते. टिळकांचा हिशेब मात्र चुकला नव्हता. मास्तराने जास्त घेतले तर फी वाढणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. दोघांच्याही बाजूने एक गोष्ट ठळकपणे नोंदवली पाहिजे: ज्यांचा पगार कापला जात होता, तो कापण्याचा ठराव करणारेही तेच होते. मास्तर हाच मालक होता. याकडे आपल्याला पुढे पुन्हा यायचे आहे.

कमी फी ही दर्जाची शत्रू आहे, असे म्हणणारे तेव्हाही होते. लॉर्ड कर्झनने नेमलेल्या १९०२ च्या विद्यापीठ कमिशनने सुचवले की कॉलेजांनी फीच्या बाबतीत एकमेकांखाली उतरू नये म्हणून किमान फी ठरवून द्यावी. कमिशनमधले एक सदस्य न्यायमूर्ती गुरुदास बॅनर्जी यांनी आपले भिन्नमत नोंदवले. देशभर गहजब झाला. गरिबाच्या मुलाला दार बंद करण्याचा हा डाव आहे, अशी भावना होती, आणि ती अनाठायी नव्हती. शेवटी किमान फीची शिफारस मागे पडली; पण १९०४ च्या कायद्यात एक कलम राहिलेच, की नव्या कॉलेजची फी शेजारच्या कॉलेजशी शिक्षणाला मारक ठरेल अशी स्पर्धा करणारी नसावी. कर्झनचा हेतू राजकीय होता, हे धरून चालू. तरीही त्या कमिशनपुढे जी तक्रार होती, म्हणजे वर्ग भरून वाहतात, ग्रंथालय नावापुरते, पाठांतर करून परीक्षा, ती वाचताना मला टावर चौकातले काही फलक डोळ्यांसमोर येतात. शत्रूच्या तोंडची गोष्ट खोटीच असते असे नाही.

आता आपल्या सीमाभागाकडे वळू. बेळगावच्या मुलाला त्या काळी पदवी घ्यायची तर पुणे गाठावे लागे, नाही तर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. पुढे १९१७ साली धारवाडला कर्नाटक कॉलेज झाले, १९१९ साली सांगलीला विलिंग्डन. फी कुठेही असो, खानावळ आणि खोली हा खरा खर्च. म्हणून जवळचे कॉलेज हेच स्वस्त कॉलेज, हा हिशेब आपल्या आजोबा-पणजोबांना पक्का ठाऊक होता. १९१६ साली बेळगावात सात शिक्षकांनी मिळून शाळा काढली आणि कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीचा पाया घातला. कानडी माणसे त्यांना ‘सप्तर्षी’ म्हणतात. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आदर्श त्यांच्यापुढे होता. भाषेच्या भांडणात आपण हे विसरतो, म्हणून मुद्दाम लिहिले. सिरसंगीच्या लिंगराज देसाईंच्या दानाचे स्मरण ठेवून १९३३ मध्ये लिंगराज कॉलेज उभे राहिले. १९४५ साली साउथ कोकण एज्युकेशन सोसायटीने सावंतवाडीच्या राणी पार्वतीदेवींच्या नावाने टिळकवाडीत कॉलेज काढले, आणि चंदगड, खानापूर, बेळगाव भागातल्या मराठी घरांतली पहिली पदवीधर पिढी या दोन-तीन दारांतूनच बाहेर पडली. विशेषतः मुली. ज्या बापाने मुलीला पुण्याला कधीच पाठवले नसते त्याने तिला सायकलवर टिळकवाडीला पाठवले. घराजवळच्या, झेपणाऱ्या कॉलेजच्या बाजूने यापेक्षा मोठा पुरावा माझ्याजवळ नाही. म्हणून भाचीचे उत्तर मी मुकाट ऐकून घेतले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी आणखी वेगळा हिशेब मांडला. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. वसतिगृहातल्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे सर्वश्रुत आहे. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हा त्याचा कणा होता. विद्यार्थ्याजवळ पैसा नाही, पण हात आहेत. त्याने फी अंगमेहनतीने भरावी. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. तिथे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्याला पगार न बुडवता शिकता येई. फी कमी करण्यापेक्षा मिळकत बुडू न देणे हे गरिबाला अधिक उपयोगाचे पडते, हे त्यांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर सरकारने खासगी कॉलेजांना अनुदान दिले, हळूहळू शिक्षकांचे वेतन उचलले, आणि एक-दोन पिढ्या असे वाटले की हा प्रश्न संपला. मास्तरालाही पुरेसा पगार, मुलालाही कमी फी. आमची पिढी त्याच सावलीत शिकली. पण नव्या कॉलेजांना अनुदान मिळेना आणि मुले तर वाढत होती. मणिपालला १९५३ सालीच डॉ. टी. एम. ए. पै यांनी खासगी मेडिकल कॉलेज काढून देणगीची वाट दाखवली होती. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. कर्नाटकाने १९८४ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला, तरी १९८९ च्या अधिसूचनेप्रमाणे खासगी मेडिकल कॉलेजात सरकारी कोट्याला वर्षाला दोन हजार, कर्नाटकातल्या इतर मुलांना पंचवीस हजार आणि बाहेरच्यांना साठ हजारांपर्यंत, असे तीन दर होते. मोहिनी जैन या मेरठच्या मुलीने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले आणि १९९२ साली निकाल तिच्या बाजूने लागला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा कमी फीच्या, निम्म्या पैसेवाल्यांच्या, अशी वाटणी केली. म्हणजे श्रीमंताचा मुलगा गरिबाची फी भरणार. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती योजनाही गेली. सीमेवरच्या घरांना या खटल्यांत एक जास्तीचा काटा होता: बेळगावच्या कॉलेजात चंदगडचा मुलगा ‘बाहेरचा’ होता, आणि बिदरचा ‘आतला’.

आज देशातल्या दर चार महाविद्यालयांपैकी तीनांहून अधिक खासगी व्यवस्थापनाची आहेत. त्यांतली मोठी, महागडी आपण बाजूला ठेवू. टावर चौकातल्या फलकांवरची जी आहेत, बेळगावात, निपाणीत, सोलापुरात, बिदरात जी आहेत, त्या विनाअनुदानित आणि तरीही झेपणाऱ्या फीच्या कॉलेजांना मी मूळ प्रश्न लावून पाहतो. इथे राजा नाही. सरकारी वेतन नाही. देणगीदार क्वचित. श्रीमंत विद्यार्थी तिकडे फिरकत नाही. मग उरलेली फी कोण भरतो?

जो १८८५ साली भरत होता तोच. मास्तर.

महाराष्ट्रात त्याला ‘तासिका तत्त्वावर’ म्हणतात, कर्नाटकात ‘अतिथी उपन्यासक’, मध्य प्रदेशात ‘अतिथी विद्वान’. ही नावे निघाली सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतून; खासगीत तर नावसुद्धा नसते, नुसते ‘सर’ असते. किती सुंदर शब्द आहेत पाहा. अतिथीला आपण देव मानतो, पण त्याने मुक्काम करावा असे कुणालाच वाटत नाही. फर्ग्युसनच्या मास्तराने कमी पगाराचा ठराव स्वतः केला होता; या मास्तराला तो सांगितला जातो. त्याने वीस वर्षांचे वचन दिले होते. याला एप्रिलनंतरचे माहीत नसते. म्हणून तो दुसरी नोकरी शोधत राहतो आणि मिळाली की अर्ध्या सत्रात जातो. मुलांना अकाउंट्सचा पहिला भाग एकाने, दुसरा दुसऱ्याने आणि तिसरा गाइडने शिकवलेला असतो. कमी फीचा खरा तोटा हा आहे. पडकी इमारत किंवा लहान मैदान हा नव्हे. फर्ग्युसनचे वर्ग सुरुवातीला जुन्या वाड्यांतच भरत होते.

मराठी घरांना आणखी एक तोटा सोसावा लागतो. विनाअनुदानित कॉलेज विद्यार्थिसंख्येवर चालते. तिथे बी.सी.ए.चे दोन वर्ग निघतील, पण आठ मुलांसाठी मराठीचा विभाग कोण ठेवील? त्यामुळे मराठी माध्यमातून बारावी झालेला मुलगा पदवीच्या तीन वर्षांत आपल्या भाषेचे एकही पुस्तक अभ्यासासाठी उघडत नाही. उज्जैनच्या घरांत हे कधीच होऊन गेले आहे. आमच्याकडे आता होते आहे.

इतके असूनही मी पालकांना सरसकट ‘नको’ म्हणत नाही. कर्ज काढून, शेत गहाण ठेवून लांबच्या नावाजलेल्या कॉलेजात घातलेला मुलगा दुसऱ्या वर्षी परत आलेला मी पाहिला आहे. घराजवळच्या साध्या कॉलेजातून दुकान सांभाळत बी.कॉम. झालेला आणि आज चांगला स्थिरावलेला मुलगाही पाहिला आहे. तेव्हा भाऊजींना मी जे सांगितले तेच इथेही सांगतो. प्रवेशाच्या दिवशी कॉलेज पाहू नका. त्या दिवशी सगळीकडे मांडव असतो. ऑगस्टमधल्या एखाद्या साध्या मंगळवारी अकरा वाजता गेलेल्या ओळखीच्या मुलाला विचारा, वर्गात शिक्षक होते का. माहितीपत्रकातली शिक्षकांची नावे गेल्या वर्षीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा; निम्मी बदलली असतील तर समजून घ्या. ग्रंथालयात जाऊन कपाटे पाहू नका, पुस्तके नेल्या-आणल्याची नोंदवही पाहा. नॅकची श्रेणी विचारा, पण ती किती साली मिळाली तेही विचारा. आणि परीक्षा फी, विकास फी, गणवेश, प्रोजेक्ट मिळून तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एकूण किती, हे कागदावर लिहून घ्या. काही ठिकाणी कमी फी फक्त पहिल्या पावतीवरच असते.

भाऊजी म्हणाले, “दादा, इतकं सगळं विचारलं तर ते आपल्याला बसू तरी देतील का?” मी म्हटले, जे बसू देतील तिथे घाला.

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेत एक गृहस्थ मुलीला पाचवीत घालायला आले. माझाच जुना विद्यार्थी, अर्थशास्त्रात एम.ए., सेट उत्तीर्ण. सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी मोटारसायकलने सीमा ओलांडून दुसऱ्या कॉलेजात तास घेतो. एकीकडे कानडी मुले, दुसरीकडे मराठी, आणि दोन्ही कॉलेजे आपली फी कमी असल्याची जाहिरात करतात. अर्ज भरून झाल्यावर तो थोडा वेळ खुर्चीतच बसून राहिला. मग म्हणाला, “सर, पुस्तकांचे आणि गणवेशाचे पैसे दोन हप्त्यांत दिले तर चालतील का?” मी कारकुनाला हाक मारून तसे लिहून घ्यायला सांगितले.